वळणावरची बैठक

ज्या वर्षी सुताराच्या धाकट्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. पाळणा एकच करून ठेवला होता. निरोप आला तेव्हा सुतार कपाळाला हात लावून हसला आणि दुसऱ्या पाळण्यासाठी लाकूड शोधायला उठला. त्याच आठवड्यात त्याची मुलगी शाळेची शेवटची परीक्षा पास झाली, आणि शिष्यवृत्तीची बातमीही त्याच आठवड्यात घरात आली. पुढे त्या घरात कुणी साल सांगायचं झालं तर आकडा सांगत नसे. जुळ्यांच्या वर्षी, एवढंच म्हणत.

सुताराचं दुकान खाली आणि घर वर. दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेली एक लांबट खोली. एका भिंतीला कामाचा बाक, समोरच्या भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या फळ्या, आणि मागच्या कोपऱ्यातून वर जाणारा जिना. हा जिना सुताराने लग्नाआधी स्वतः केला होता. दुकानाची जागा खाऊ नये म्हणून त्याने तो उभाच्या उभा घेतला होता, शिडी परवडली असा. काम मात्र असं चोख की इतक्या वर्षांत एक पायरी कुरकुरली नव्हती. आलेल्या गिऱ्हाइकाला तो आधी जिना दाखवायचा.

"यावर हत्ती चढवा," म्हणायचा.

वरून बायकोचा आवाज यायचा, "हत्तीला जमेल हो. मला जमत नाही."

गिऱ्हाईक हसायचं, सुतारही हसायचा. बायकोचे गुडघे गेलेले होते. पायाने चालवायच्या शिवणयंत्रावर तिने लोकांचे कपडे शिवता शिवता तारुण्य घालवलं होतं. जिना उतरताना ती भिंतीकडे तोंड करून, विहिरीत उतरावं तशी एकेक पाय चाचपत उतरायची. सुताराने हे रोज पाहिलं होतं. रोज पाहिलेलं दिसेनासं होतं, तसं त्याचं झालं होतं.

मुलीला घरात फूटपट्टी म्हणत. रांगायला लागल्यापासून बापाचा टेप तिच्या हातात असे. पाहुणा आला की त्याला पाणी देण्याआधी त्याचा जोडा मोजायची. आत्या म्हणायची, "हिच्या सासऱ्यांनी सांभाळून राहावं, उंची कमी भरली तर परत पाठवेल." मोठी झाली तशी ती कागदावर घरं काढायला लागली. दुसऱ्या मुली काढतात तशी फुलं आणि सूर्य असलेली नव्हे, वरून छप्पर काढून आत पाहिल्यासारखी. कोणतं दार कुठे उघडतं, बिछाना कुठे, खिडकीतून काय दिसतं. सुताराला त्यातलं सगळं कळायचं नाही, पण दारं बरोबर बाजूला उघडतात हे त्याला कळायचं, आणि तेवढ्यावर त्याची छाती फुगायची.

तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं. ते शिक्षण त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं, हे घरात तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही बोलत नव्हते. त्यातच शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी ती बातमी सांगितली. शहरातल्या इमारत कंत्राटदारांचा एक संघ होता. तो दर वर्षी दोन मुलांना शिष्यवृत्ती द्यायचा, एक इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला आणि एक आर्किटेक्चरला. पूर्ण शिक्षणाचा खर्च, वसतिगृहासकट. आधी लेखी परीक्षा, मग स्वतः केलेलं मॉडेल घेऊन मुलाखत. मॉडेलचा विषय सगळ्यांना एकच: तुम्ही राहता त्या घरात काय बदलाल. ज्या वर्षी शाळा संपेल त्याच वर्षी अर्ज करता येत होता, पुन्हा नाही. आणि काम विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने केलेलं असावं, ही अट बाईंनी दोनदा वाचून दाखवली.

सुताराने ती अट ऐकली आणि मान डोलावली. विकत आणलेलं चालणार नाही, असा त्याने तिचा अर्थ घेतला. त्याच्या धंद्यात एकट्याचा हात असा कधी नसतोच. बापाने कापायचं, मुलाने घासायचं, भावाने पॉलिश मारायचं, आणि खुर्ची घरची म्हणायची. त्याने स्वतः सोळाव्या वर्षी केलेलं पहिलं कपाट, ज्याचं अजून लोक नाव काढत, त्याची दारं त्याच्या बापाने बसवली होती. घरच्या माणसाचा हात हा दुसऱ्याचा हात, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

लेखी परीक्षेत मुलगी सहज निघाली. मग वरच्या खोलीत, खिडकीखाली, पुठ्ठा, कात्री आणि खळ घेऊन ती मॉडेलला बसली. घर तेच, खाली दुकान, वर खोली. बदलायचा होता तो फक्त जिना. तिने आईला भिंतीशी उभं केलं आणि हातात खडू घेतला.

"पाय उचल. दुखलं की सांग."

"दुखतंच आहे. सुरुवात कुठून करू?"

"अगं आई, उचल तरी."

आईने पाय उचलला, तोंड वाकडं केलं, आणि मुलीने तिथे भिंतीवर खडूची रेघ मारली. रेघ फारच खाली होती. तिच्या जिन्याची प्रत्येक पायरी त्या रेघेएवढी उंच, जास्त नाही. पायऱ्या ठेंगण्या म्हणजे पुष्कळ लागणार, आणि मग दम लागणार, म्हणून तिने निम्म्यावर जिना वळवला आणि वळणावर एक फळी टाकली. बसायची जागा. फळीच्या बाजूला भिंतीत छोटी खिडकी कापली, म्हणजे आई दम खायला बसली की तिला गल्ली दिसावी. इतकं सगळं त्या दोघींना ठाऊक होतं. सुतार खाली करवत चालवत होता, आणि जुळ्यांचे पाळणे पोचवायची घाई होती.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगी मुख्याध्यापकांची सही आणायला शाळेत गेली. बायको खोलीत पडली होती. मॉडेल न्यायला सुताराने हलक्या फळ्यांची एक पेटी केली होती, चारही बाजू उघडणारी, आत कापड लावलेली. माप जुळतं का पाहायला तो मॉडेल खाली घेऊन आला. बाकावर ठेवलं, चष्मा लावला, आणि पोरीचं काम पहिल्यांदा नीट पाहिलं.

भिंती सरळ होत्या. दारं बरोबर होती. मग त्याची नजर जिन्यावर गेली. पायऱ्या पार चुकल्या होत्या. त्याने टेप लावून पाहिलं, मनात मोठं करून पाहिलं. अशी ठेंगणी पायरी त्याने जन्मात कुठे बसवली नव्हती. ही काय बदकाला चढायची आहे? त्यात पुठ्ठा वाकलेला, खळीचे ओघळ. आणि वळणावर एक आडवी पट्टी तशीच चिकटून राहिलेली, आधाराला लावून काढायची विसरलेली असावी. एवढी मोठी माणसं बसणार, कंत्राटदार, इंजिनिअर, आणि सुताराच्या पोरीला पायरीचं माप येत नाही असं म्हणणार.

त्याने तिची वाट पाहिली असती तर चाललं असतं. पण त्याला ती पेटी उघडल्यावरचा तिचा चेहरा पाहायचा होता. त्याने पुठ्ठ्याचा जिना अलगद सोडवला. जुन्या कपाटाचा सागाचा एक तुकडा त्याने चांगल्या दिवसासाठी जपून ठेवला होता, तो काढला. आणि संध्याकाळ व्हायच्या आत त्याने एक जिना केला. बोटाएवढ्या पायऱ्या, सगळ्या खाचेत बसवलेल्या, एकही खिळा नाही, कठड्याला गोलाई. उभा, चोख, त्याच्या दुकानातल्यासारखा. पुठ्ठ्याचा जिना आणि ती पट्टी सरस तापवायच्या चुलीत गेली. पेटी बंद करून त्याने कडी लावली.

मुलगी आली तेव्हा तो म्हणाला, "आता उघडू नकोस. हलेल सगळं. तिथे टेबलावर ठेवली की चारही बाजू सोडायच्या, बघ कसं दिसतं."

"तुम्ही पेटी फार छान केलीत, बाबा," ती म्हणाली.

"पेटी तर काय," सुतार म्हणाला आणि हसू दाबत आत गेला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये पेटी त्याच्या मांडीवर होती. संघाचं कार्यालय एका उंच इमारतीत होतं. बाहेरच्या बाकावर आणखी मुलं होती, कुणाच्या मांडीवर खोका, कुणाच्या पिशवी. मुलीला आत बोलावलं. सुतार बाहेर बसला. समोरच्या दाराची चौकट जमिनीशी कुजायला लागली होती, ती तो पाहत बसला.

बऱ्याच वेळाने शिपाई बाहेर आला. "सुतारांची मुलगी आत आहे तिचे वडील कोण? तुम्हाला बोलावलंय."

सुतार उठला, केस सारखे केले. त्याला वाटलं, झालं. पोरीचं नाव निघालं.

आत लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. मध्ये संघाचे अध्यक्ष, स्थूल कंत्राटदार. त्यांच्या एका हाताला म्हातारे इंजिनिअर, कानात यंत्र. दुसऱ्या हाताला एक आर्किटेक्ट बाई, केस पिकलेले, चष्मा कपाळावर चढवलेला. पेटीच्या चारही बाजू उघडून पडल्या होत्या आणि मध्ये ते घर उभं होतं. बाईंचं बोट जिन्यावर होतं. मुलगी टेबलाच्या अलीकडे उभी होती, मान खाली.

"बसा," बाई म्हणाल्या. "हा जिना फार सुंदर आहे. कोणी केला?"

"मीच की," सुतार म्हणाला. "सागवान आहे, बाई. आता मिळत नाही असं. सगळं खाचेतलं, एक खिळा सापडणार नाही तुम्हाला."

कंत्राटदाराने घसा साफ केला. सुतार पुढे बोलला. "हिचा पुठ्ठ्याचा होता, तो जरा चुकला होता. पायऱ्या अगदीच बुटक्या. पोर आहे. मी म्हटलं, तुमच्यासारख्या माणसांपुढे जायचं तर माप तरी बरोबर असावं."

"आणि वळणावर काही होतं का?"

"वळण मी काढूनच टाकलं. तिथे एक पट्टी राहून गेली होती चुकून, तीही काढली."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मुलीकडे पाहिलं. "तू आत्ता आम्हाला सांगत होतीस की आईला निम्म्यावर बसता येईल. ही खिडकी त्या बैठकीशी होती का?"

"हो," मुलगी म्हणाली.

"काय म्हणते?" म्हाताऱ्या इंजिनिअरने कान पुढे केला.

"होती म्हणते," बाई म्हणाल्या.

सुतार मॉडेलकडे पाहत होता. भिंतीत एक छोटी खिडकी होती. तिच्याजवळ जिना नव्हता, जमीन नव्हती, काहीच नव्हतं. काल त्याने ती पाहिली होती आणि शोभेची समजला होता. आता त्याने खिडकीपासून जिन्यापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं.

"मी लगेच करून देतो," तो म्हणाला. "ती पट्टी अशी काही मोठी नाही. पुठ्ठा कुठेही मिळेल. इथेच बसून करतो, म्हणजे ही करेल, मी हात लावणार नाही."

"तसं नसतं हो," कंत्राटदार म्हणाला. रागावून नव्हे. सिमेंट संपलं म्हणून सांगावं तसं.

"बाहेर इतर मुलं बसली आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांच्याही घरी आईबाप आहेत. त्यांना आम्ही काय सांगू? आणि तुम्हीच सांगा, मी या मुलीचं काम पाहायला बसले आहे. ते कुठे आहे?"

मुलीने पेटीच्या बाजू एकेक करून मिटल्या, कडी लावली आणि बापाला म्हणाली, "चला बाबा."

परतीच्या बसमध्ये पेटी पुन्हा त्याच्या मांडीवर. ती रडेल, भांडेल, निदान तोंड फिरवून बसेल, याची तो वाट पाहत होता. तसं झालं असतं तर त्याला काही बोलता आलं असतं. तिने बराच वेळ समोरच्या आसनाच्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही खिडकीशी बसा. तुम्हाला मळमळतं."

आणि ती उठून त्याच्या जागेवर आली.

घरी बायकोला सगळं कळलं तेव्हा ती पलंगावर बसली होती. तिने पेटी उघडायला लावली. सागाच्या जिन्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "तिने माझा गुडघा विचारून एकेक पायरी ठरवली होती," ती म्हणाली. "तुम्हाला तिला सांगायचं नव्हतं तर मला विचारायचं. मी कुठे जाते आहे, इथेच तर असते."

सुतार खाली गेला. चुलीतली राख त्याने हाताने चाळली, हे ठाऊक असून की राखेत पुठ्ठा सापडत नसतो.

शिष्यवृत्ती दुसऱ्या एका मुलाला मिळाली. तो निकाल लागल्यावर सुतार एकटाच त्या आर्किटेक्ट बाईंच्या ऑफिसात गेला. कोणाला सांगून गेला नाही. बाईंनी त्याला ओळखलं, खुर्ची दिली. तो म्हणाला, चूक माझी आहे, शिक्षा तिला झाली, ही उलटी करता येईल का. बाई म्हणाल्या, करता आली असती तर त्याच दिवशी केली असती. मग म्हणाल्या, "हात स्वच्छ आहे तिचा. माझ्याकडे नकाशे काढायला येऊ दे. निदान या कामाजवळ तरी राहील. पुढे बघू काय जमतं ते."

सुतार पायऱ्या उतरताना जवळजवळ पळत होता. त्याला वाटलं, सांधा निखळला होता तो बसला.

मुलगी नकाशे काढायला जाऊ लागली. पहिल्या वर्षी बाई म्हणत, पुढच्या वर्षी काही तरी करू तुझ्या कॉलेजचं. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, पण कमी वेळा. नंतर तिच्या पगारावर घर चालायला लागलं, कारण लोक लोखंडी आणि प्लास्टिकची दारं घेऊ लागले होते, आणि मग तो विषय कुणी काढला नाही. लग्नाच्या गोष्टी दोनदा निघाल्या आणि दोनदा विरल्या. आत्या म्हणालीच, "उंची कमी भरली वाटतं."

ऑफिसात तिच्या वाट्याला संडास आणि जिने येत. दर्शनी भाग, ओसरी, मोठ्या काचा हे पदवीवाल्यांचं. शिष्यवृत्ती मिळालेला तो मुलगा शिकून त्याच ऑफिसात साहेब होऊन आला. मुलगा चांगला होता. तिला ताई म्हणायचा, घरून आणलेला डबा तिच्यापुढे करायचा. ती काढायची त्या नकाशांखाली सही त्याची असायची, कारण सहीला पदवी लागते. हे तिने घरी हसत सांगितलं. सुतार जेवता जेवता थांबला आणि पाणी प्यायला.

इतक्या वर्षांत तिने त्याला एकदाही बोल लावला नाही. तो मात्र तिच्यासमोर हत्तीचा विनोद करेनासा झाला. गिऱ्हाइकाला जिना दाखवणंही त्याने सोडलं. सागाचा तो छोटा जिना मुलीने कपाटावर ठेवला होता, पेटीतून काढून, दिसेल असा. "चांगलं काम आहे, बाबा, फेकायचं कशाला," म्हणाली होती. तो त्याच्याकडे पाठ करून झोपायचा.

मग एका हिवाळ्यात बायकोने खाली येणं सोडलं. आधी म्हणाली थंडी संपू दे. थंडी संपली, ती आली नाही. कपडे शिवायला देणाऱ्या बायका वर यायच्या, त्याही हळूहळू कमी झाल्या. भाजी, दूध, औषध, सगळं सुतार वर नेई. खिडकीतून तिला समोरच्या घराची भिंत दिसायची, रस्ता दिसायचा नाही. डॉक्टर आले, जिना चढून आले, वर येऊन आधी स्वतः बसले. म्हणाले, गुडघ्यांचं जाऊ दे, हिच्या छातीचं बघायला हवं. गोळ्या दिल्या.

ते गेल्यावर सुतार बराच वेळ जिन्याखाली उभा राहिला. मुलगी ऑफिसातून आली तेव्हा तो तिथेच होता.

"फूटपट्टे," तो म्हणाला, "तो जिना मला परत काढून दे."

"कुठला?"

"तो. बदकाचा."

तिने चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली. दुकानाकडे पाहिलं, कामाच्या बाकाकडे, फळ्यांच्या भिंतीकडे. "अर्धं दुकान जाईल, बाबा."

"जाऊ दे."

"बाक दारात न्यावा लागेल."

"मग रस्त्यावर काम करीन. लोक बघतील तरी."

रविवारी ती वरच्या खोलीत बसली आणि तिने जिना काढला. आईला पुन्हा भिंतीशी उभं केलं. जुनी खडूची रेघ रंगाखाली कुठे तरी गेली होती, पण नवी रेघ तिच्याही खाली पडली. आईने विचारलं, "आता आणखी बुटक्या? मग मुंग्यांसाठीच करा."

फळ्या विकून सुताराने एक भिंत रिकामी केली. बाक दाराशी ओढला. गल्लीकडच्या भिंतीत खिडकीपुरती विटा काढल्या. जुना जिना मागच्या कोपऱ्यात होता तसाच ठेवायचा, नवा जमिनीपासून वर चढवत न्यायचा, आणि शेवटी एका दिवसात वरची जमीन कापून तो खोलीत काढायचा, असं ठरलं. लाकूड कापायच्या आधी तो प्रत्येक वेळी पेन्सिल कानामागून काढायचा आणि वर बघून विचारायचा, "ही किती?" ती सांगायची. त्याचा हात आपोआप उंच माप घ्यायचा, चाळीस वर्षांची सवय, मग तो थांबायचा, खोडायचा, आणि तिने सांगितलेलं घ्यायचा. एकदा तिला वाटलं की एक पायरी थोडी रुंद केली तर बरं दिसेल. तो म्हणाला, "तू सांग. मी विचारल्याशिवाय पटाशी उचलणार नाही." हे तो गमतीत म्हणाला नव्हता, म्हणून ती हसली नाही.

वरून काठी आपटायची. "माझ्या खाली काय ठोकताय दिवसभर? हत्ती चढवणार आहात का?"

"नाही गं," सुतार खालून म्हणायचा. "बदक."

"मग सांभाळून. बदक जाड आहे."

बऱ्याच वर्षांनी दुकानात असा हशा झाला. शेजारचा चांभार डोकावून गेला. "अरे, हा काय जिना? संध्याकाळी चढायला लागलं तर सकाळी पोचेल माणूस," म्हणाला. सुतार म्हणाला, "घाई कुणाला आहे."

पण घाई होती. बायकोचे पाय सुजायला लागले होते. बसून झोपायची. सुताराने बाहेरची कामं परत केली. मुलीने रजा घेतली, घासायला, सरस लावायला. उन्हाळा संपत आला तेव्हा जिना वळणापर्यंत पोचला. सुताराने बैठकीची फळी दोन्ही हातांत धरली, कडा गोल केलेली, पॉलिश पेपर मारून मऊ केलेली, आणि मुलीकडे पाहिलं.

"हिची जागा इथेच ना?"

"इथेच."

त्याने ती बसवली. मुलीला म्हणाला, बस. ती बसली. खिडकीतून गल्ली दिसत होती, पलीकडचं किराणा दुकान, पाण्याचा नळ, एक कुत्रं सावलीत पडलेलं.

"कशी आहे?" वरून आईने विचारलं. जमीन कापायची बाकी होती, तिचा आवाज लाकडाआडून आला.

"रुंद आहे, आई. आपण दोघी मावू."

"मग मी उतरले की पहिला चहा तिथे. कुणी आधी बसायचं नाही."

"मी बसले आत्ता."

"तुझं चालतं. तू माप घ्यायला बसलीस."

सुतार खालच्या पायरीवर बसला होता. ठेंगण्या पायरीवर त्याचे गुडघे उंच आले होते. त्याच्याही गुडघ्यांना आता वय झालं होतं, आणि त्या पायरीवरून उठताना त्याला कशाला धरावं लागलं नाही. तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. मुलगी वळणावरून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या खोलीतून काठीचा आवाज आला, एकदाच. सुतार जुन्या जिन्याने वर धावला. तिला खाली आणायचं म्हटलं तेव्हा शेजारी आले. उभ्या जिन्यावरून स्ट्रेचर वळेना, म्हणून खुर्चीत बसवून, दोघांनी खालून आणि दोघांनी वरून धरून तिला उतरवलं. एकही पायरी कुरकुरली नाही. नवा जिना पलीकडे भिंतीशी होता, वळणापर्यंत आलेला, वर छताला टेकायच्या आधी थांबलेला.

उरलेल्या पायऱ्या सुताराने त्याच महिन्यात लावल्या आणि जमीन कापून जिना वर काढला. माप मुलीने सांगितलं. आता ती दोघं त्याच जिन्याने चढतात. वळणावर कुणी बसत नाही.

सुताराची बायको, फूटपट्टीची आई, जुळी सहावीत होती त्या वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी दुपारी गेली. वरची जमीन कापायला पुढचा गुरुवार ठरला होता.